पियानो थांबतो ती जागा

१

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सकाळी धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

हवामान आधी लिहायची सवय मला जिनिंगच्या काट्यावर लागली. कापसाची गाडी आली की वजन, ओलावा आणि प्रत अशा तीन गोष्टी मी लिहितो, आणि ओलाव्याचा हिशेब हवा पाहिल्याशिवाय लागत नाही. घरी आल्यावरही हात तसाच चालतो. कळंबमध्ये माझ्या डायऱ्यांची थट्टा होते, पण मागच्या वर्षी गारा कधी पडल्या हे विचारायला लोक माझ्याकडेच येतात.

दिवाळीनंतर माझ्या बायकोला, विजयमालाला, लकवा मारला. डावं अंग गेलं. बोलणं महिनाभरात परत आलं, हातही थोडा वळायला लागला. पाय मात्र येईना. यवतमाळच्या फिजिओथेरपिस्ट नयन मॅडम म्हणाल्या, "काका, पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते खरं. पुढे फार फरक पडत नाही. म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत आपल्या हातात वेळ आहे."

विजयमालानं त्यांना एकच विचारलं. "मले न्हाणीत कोनी धराले नाई पाह्यजे. येवढं होते का, सांगा."

नयन मॅडमनी एक पेन ड्राइव्ह दिला.

त्यात परदेशी संगीत होतं. एक पियानो आणि त्याच्यामागे मोठा वाद्यवृंद. अशा रचनेला कॉन्चेर्टो म्हणतात असं मॅडमनी सांगितलं. हा त्यातला मधला, संथ भाग. शब्द नसल्यामुळे मन शब्दांत अडकत नाही आणि ठोका इतका सरळ आहे की तो पायाला कळतो. एका ठोक्याला एक पाऊल टाकायचं. रोज सकाळी नाश्त्यानंतर मी ते छोट्या स्पीकरवर लावायचो आणि विजयमाला बैठकीच्या दारापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जाऊन परत यायची. मी शेजारून चालायचो, तिच्या कमरेच्या पट्ट्याला हात घालून.

पाय सुधारतो का हे कळावं म्हणून त्या मंगळवारी मी डायरीत तीन रकाने आखले: लय, सूर, भाव. काट्यावरच्यासारखेच. खरं तर लय पुरली असती, पण तीन रकाने नसले की मला पान उघडं वाटतं. लय मोबाइलवर मोजली, मिनिटाला चोपन्न ठोके. सूर माझ्या भजनाच्या पेटीवर शोधला. तो काळी दोनला आला, पण पुरता नाही. सूरवाल्यानं मागच्या खेपेला माझी पेटी किंचित चढी जुळवली होती. पेटी आणि पियानो एकदम वाजले की दोघांच्या मध्ये एक लाट उठायची, वां-वां-वां अशी. भावाच्या रकान्यात मी लिहिलं: शांत.

साधारण मध्यावर एक जागा आहे. पियानो एकटाच एक ओळ वाजवतो, विचारल्यासारखी. मग सगळे गप्प. श्वास घेण्याइतकीच ती जागा. मग वाद्यवृंद तीच ओळ परत म्हणतो. त्या जागेत विजयमालानं दोन्ही पाय टेकून थांबायचं असा मॅडमचा हुकूम होता. "चालणं अर्धंच काम आहे काका. थांबता यायला पाहिजे."

२

मी केली ती चूक आमच्या भजनी मंडळातल्या कोणीही केली असती.

आमच्या खंजिरी भजनात बुवा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. त्या जागेत पेटीनं आणि मागच्यांनी तीच ओळ उचलायची. याला झील धरणं म्हणतात. झील पडली की बुवा मागं वळून पाहतो, आणि त्या पाहण्याची लाज कितीतरी दिवस जात नाही. मी तरुणपणापासून पेटीवर हेच करत आलो. त्या दिवशी सूर तपासायला पेटी पुढ्यात होती, भाता चालू होता. विजयमाला भिंत धरून स्वतःच चालून पाहत होती. पियानोनं ओळ म्हटली, थांबला, आणि माझ्या बोटांनी झील धरली. एक सूर चुकलाही.

विजयमाला हसली. आजारानंतर पहिल्यांदा, पोटातून, तोंड एका बाजूला ओढलं जात असतानाही.

"आता इंग्रजाच्या मांगंही झील धरून राह्यले काय जी?"

"हात गेला."

"अन् सूरही खाल्ला. तो बुवा आता वळून पाहीन तुमच्याकडं."

ते हसणं परत ऐकावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम झील धरली. तिसऱ्या दिवशीही धरली. ती हसली नाही, पण पाऊल बरं पडलं.

आठवड्याच्या शेवटी रकाने भरताना माझ्या लक्षात आलं की लाट उठत नाही. पेटी आणि पियानो एका सुरात लागत होते, दोन भावंडांच्या आवाजासारखे. थंडी सरली, कोरड्या हवेनं पेटी उतरली असेल, असं मी लिहिलं. मग मोबाइलवर सूर दाखवणारं एक अ‍ॅप घेतलं आणि पेटी तपासली. पेटी होती तिथंच, चढी. उतरलं काही नव्हतं. पियानो वर आला होता.

पुढच्या तपासणीला एसटीनं यवतमाळला गेलो तेव्हा मॅडमच्या मूळ प्रतीवर तेच अ‍ॅप लावलं. तिथं सूर जुन्या जागी होता.

"काका, फाइल चढत-उतरत नसते," नयन मॅडम म्हणाल्या.

"कॅसेट असती तर पट्टा ढिला झाला म्हटलं असतं."

"तुम्ही झोपता ना नीट?"

मी झोपतो. तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी फाइल पुन्हा भरून दिली. घरी येऊन लावली. लाट नव्हती.

भजनात हे रोज होतं. गाणाऱ्याचा सूर थोडा इकडंतिकडं असला की साथीदार न बोलता आपला सूर त्याच्याशी जुळवून घेतो. त्यात नवल नाही. मला कोडं पडलं ते एवढंच की इथं कोण कोणाची साथ करत होतं.

३

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी दूधवाला आला म्हणून मी दारात गेलो. आत पियानोनं ओळ म्हटली आणि थांबला. मी पैसे दिले, पिशवी घेतली, दार लोटलं. वाद्यवृंद अजून लागला नव्हता.

वीज गेली असेल असं वाटलं, पण स्पीकरवरचे लाल आकडे पळत होते. विजयमाला खोलीच्या मधोमध उभी होती, टेबलाच्या कडेला हात टेकून.

"बंद पडलं," मी म्हटलं.

"नाई. थांबलं हाये."

मी पेटीजवळ गेलो आणि ओळ वाजवली. वाद्यवृंद लगेच लागला.

दुसऱ्या कानानं ऐकावं म्हणून मी देवसिंगला बोलावलं. तो आमच्या मंडळात खंजिरी वाजवतो, तांड्यावरून मोटारसायकलनं येतो. ठोक्यात त्याची चूक कधी मी ऐकली नाही. विजयमाला खुर्चीवर बसली, देवसिंग खाली मांडी घालून बसला. मी पेटीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं.

"वहिनी, भाऊनं तुमाले साहेबाचं भजन लावून देल्लं का?"

विजयमालानं उत्तर दिलं नाही. एरवी तिनं देवसिंगला सोडलं नसतं.

जागा आली. पियानो थांबला. आम्ही ऐकत राहिलो. शेजारच्या चंदाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी रस्त्यावरून ऑटो वळवला. ते आवाज गेल्यावर स्पीकरमधली शांतता ऐकू यायला लागली. ती रिकामी नव्हती. खूप माणसं एका मोठ्या खोलीत न बोलता बसली की जसं असतं तशी होती. एक खुर्ची कुरकुरली. कोणीतरी गळा साफ करायला घेतला आणि दाबला.

"ऐकू येते का तुले?" मी देवसिंगला विचारलं.

"काय यीन? बंद पडलं नं." त्यानं खंजिरी उलटी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "भाऊ, तू वाजवून दे ना बाप्पा. बरं नाई वाटत."

"काहून?"

"मले नाई माहीत काहून. वाजव."

मी वाजवलं. देवसिंग चहा न घेता गेला. त्या दिवशी भावाच्या रकान्यात मी 'शांत' खोडून 'ताटकळलेला' लिहिलं. मग तेही खोडलं, कारण रेकॉर्डिंगला ताटकळता येत नाही.

४

त्या आठवड्यात जिनिंगमध्ये गाड्यांची रांग लागली. मी लवकर निघायचो, आणि विजयमालाला चालवायचं काम चंदाबाईंवर सोपवलं होतं. त्या खमक्या आहेत, दोन सासवांचं आजारपण केलेलं आहे. दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा त्या दारातच बसल्या होत्या, पदर तोंडाशी.

"भाऊजी, पाहा बरं जरा. तुमी गेल्यावर गानं लावलं, तवापासून अशीच उभी हाये. बस म्हनलं तं बसत नाई. म्हने थांबलं हाये, लागलं की चालतो."

विजयमाला बैठकीच्या मध्यावर उभी होती. हात कशालाही टेकलेले नव्हते. उजवं पाऊल जमिनीपासून वीतभर उचललेलं होतं. सगळा भार डाव्या पायावर होता, ज्या पायावर तिला क्षणभरही उभं राहता येत नव्हतं. पाय थरथरत नव्हता. घाम नव्हता. डोळे उघडे, ओट्याकडे लागलेले.

स्पीकरवरचे आकडे पळत होते.

मी चप्पल न काढता पेटीपुढे बसलो आणि झील धरली. वाद्यवृंद लागला. उजवं पाऊल खाली आलं, मग डावं, मग उजवं. ओट्याला हात लावून ती वळली आणि म्हणाली, "उशीर केला तुमी."

"पाय दुखून राह्यला का?"

"कोनता?"

चंदाबाईंनी मघाशी घाबरून मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला होता. तो मी नयन मॅडमना पाठवला. काय घडतंय हे त्यांनी सांगावं म्हणून. लगेच फोन आला. मॅडमचा आवाज आनंदानं चढला होता.

"काका! डाव्या पायावर! बिनआधार! मला वाटलं नव्हतं हो इतकं येईल. जे करताय तेच करत राहा, काही बदलू नका."

"मॅडम, ती खूप वेळ तशीच उभी होती."

"तेच तर पाहिजे आपल्याला."

फोन ठेवला. सगळ्यांना हवं होतं तेच होत होतं. मलाही हेच हवं होतं. लय मोजली: चोपन्न नव्हती, एकोणपन्नास होती. विजयमालाची पावलं मी वेगळी मोजली. तीही एकोणपन्नास. एवढ्या दिवसांत पावलं लयीला धरून पडायला शिकली असं म्हणता आलं असतं. पण लय आधी उतरली की पावलं, हे मला माझ्या रकान्यांतून काढता येईना.

५

मी थांबवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला आणि कामावर गेलो. परत आलो तेव्हा चंदाबाई तांदूळ निवडत होत्या.

"चालली का आज?"

"चालली ना. मंधात थांबली, मंग चालली."

"गाणं कोनं लावलं?"

चंदाबाईंनी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कायले थट्टा करून राह्यले भाऊजी. लावेलच होतं ना."

पेन ड्राइव्ह खिशातच होता. मी तो हातात घेऊन पाहिला. चंदाबाईंना सवयीनं भास झाला असेल. रोज ऐकलेलं कानात राहतं. भजनानंतर मलाही खंजिरी ऐकू येत राहते. असं मी लिहिलं, आणि लिहिताना ते पटलं.

मग एका रविवारी मी ठरवलं की पेन ड्राइव्ह लावायचा, तिच्या शेजारी उभं राहायचं, पट्टा धरायचा आणि झील धरायची नाही. काय होतं ते पाहायचं. पेटी मी कपाटावर ठेवली होती, कापडात गुंडाळून.

जागा आली. विजयमालाचं उजवं पाऊल उचललेलं राहिलं. मी तिचा पट्टा धरला. स्पीकरमधल्या त्या मोठ्या खोलीत कोणीतरी पान उलटलं. मी तिच्या कानाशी म्हटलं, "टेक. मी धरतो. टेक पाय."

ती म्हणाली, "मी टेकलाच हाये."

पाऊल हवेतच होतं.

आणि मग झील आली. स्पीकरमधून, पेटीच्या आवाजात. माझ्याच पेटीच्या, तिच्या एका सुराला जरा घरघर आहे, ती मी कुठंही ओळखीन. ओळीत एक सूर चुकला. चुकल्याबरोबर एक बाई हसली. पोटातून, तोंड एका बाजूला ओढलं जाऊन हसल्यासारखी. मग वाद्यवृंद लागला.

विजयमाला चालायला लागली. पट्टा माझ्या हातातून सुटला.

स्पीकरला माइक असेल, त्यानं त्या दिवशीचं टिपून ठेवलं असेल. मी स्पीकर उलटा करून पाहिला, खोक्यावरची माहिती वाचली, दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, चारशेच्या स्पीकरमधी माइक कुठून यीन?"

संध्याकाळी देवसिंग आला. पडवीत बसून त्यानं तांड्यावरच्या लग्नाची गोष्ट सांगितली. नवरदेवाच्या मामानं बकऱ्यालाच हार घातला होता. चंदाबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. विजयमालानं सगळं नीट ऐकलं. हसायची वेळ आली तेव्हा तिनं मान वळवून आत, स्पीकरकडे पाहिलं. ज्याची पाळी आहे त्याच्याकडे पाहावं तसं.

"वहिनी, आवडलं नाई का?" देवसिंग म्हणाला.

"आवडलं ना," ती म्हणाली.

रात्री मी तिला विचारलं, "हे बंद करू का? आपण तसंच शिकू. हळूहळू. मी हाये ना धराले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती माझीच बायको होती. नजर थकलेली होती आणि तिच्यात राग होता, तिचाच, ओळखीचा.

"तुमी हाये म्हनूनच तं," ती म्हणाली. "पाच महिने झाले, मले तुमी धुता. तुमी चांगले हाये. पन मले तुमाच्या हातातून सुटू द्या."

मी पेटी कपाटावरून खाली काढली.

६

२० एप्रिल, रविवार. आकाश पांढरं. सकाळी दहालाच झळा. पारा त्रेचाळीसवर जाईल असा अंदाज.

"आज मी न्हाणीत एकटी जातो," विजयमाला म्हणाली. "लावा."

मी न्हाणीत जाऊन बादली काठोकाठ भरली. मग्गा स्टुलावर पालथा ठेवला. टॉवेल आणि धुतलेला गाऊन खुंटीला अडकवला. फरशी फडक्यानं कोरडी केली, घसरू नये म्हणून. तिचा मोबाइल पलंगावर चार्जिंगला होता. चंदाबाई गावी गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच.

गाणं लावलं. लय त्रेचाळीस. सूर पेटीशी तंतोतंत. ती ओट्यापर्यंत गेली, ओट्यावरून वळली, न्हाणीत शिरली आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. पाच महिन्यांत त्या कडीला कोणी हात लावला नव्हता.

पियानोनं ओळ म्हटली आणि थांबला.

मी पेटीपुढे बसलो होतो, भात्यावर हात. या वेळी वाजवायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं. ती आत होती, कडी तिनं स्वतः घातली होती, तिला हवं ते झालं होतं. आता हे इथंच तुटलं तर बरं, असा माझा विचार होता. तो विचार चुकीचा होता असं आजही मला म्हणता येत नाही.

मी कान दिला. न्हाणीत पाण्याचा आवाज नव्हता. उठून दाराला कान लावला. "विजू?" उत्तर नाही. दाराच्या फटीतून आतली थंड हवा लागत होती, एवढंच.

पाण्याचा आवाज माझ्या मागून आला.

स्पीकरमधून. त्या मोठ्या खोलीत कोणीतरी मग्गा बादलीत बुडवला, उचलला आणि अंगावर ओतला. पहिलं पाणी अंगावर पडलं की विजयमाला एक श्वास आत ओढते, लहान मुलासारखा. लग्न झाल्यापासून मी तो न्हाणीच्या दाराबाहेरून ऐकत आलोय. तो श्वास स्पीकरमधून आला. मग दुसरा मग्गा. पाणी खूप लांब पसरत जात होतं, आमची न्हाणी तेवढी मोठी नाही. आणि तिथं बसलेली सगळी माणसं गप्प होती.

मी दार ढकललं. कडी पक्की होती. "विजू, कडी काढ."

"थांबलं हाये," विजयमाला म्हणाली. आवाज दारामागून आला नाही.

मी परत पेटीपुढे बसलो. बोटं पट्ट्यांवर ठेवली. वाजवलं तर काय परत येईल आणि नाही वाजवलं तर काय राहील, हे मी तेव्हाही समजून घ्यायचा प्रयत्न करत होतो. समजलं नाही. तिकडं शेवटचा मग्गा रिकामा झाला आणि पाणी निथळायला लागलं. एक खुर्ची कुरकुरली, कोणीतरी मागं वळून पाहावं तशी.

मी झील धरली.

वाद्यवृंद लागला. न्हाणीची कडी सरकली. विजयमाला बाहेर आली, धुतलेला गाऊन घालून, आणि कुठंही हात न टेकता ओट्यापर्यंत गेली. केस ओले होते. केसांतलं पाणी पाठीवरून फरशीवर ठिबकत होतं.

मी न्हाणीत जाऊन पाहिलं. बादली काठोकाठ भरलेली होती. मग्गा पालथा, कोरडा. साबण कोरडा. फरशी आणि भिंती कोरड्या.

साडेदहा वाजता नयन मॅडमना फोन करून कळवलं: विजयमालानं आज कोणाच्याही आधाराविना आंघोळ केली.